एका दोऱ्याचा खेळ



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून या व्यासपीठांवरून राजकारण, अर्थकारण, संतवाङ्मय, विज्ञान असे भारदस्त विषय मांडले गेले. तेथे आम्ही आज वावभर दोरा घेऊन उभे आहोत. गोरेगावच्या श्रोत्यांना हे थोडे चमत्कारिक वाटेल, याची आम्हाला कल्पना आहे. तथापि आमच्यापुढे एक चांगला दाखला आहे. केंब्रिज येथील गणिताचे अध्यापक राउझ बॉल यांनी १९२० साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, जेथे फॅरेडेसारख्या शास्त्रज्ञाने व्याख्याने दिली तेथेच, बोटांवरील दोऱ्याच्या आकृत्या या विषयावर व्याख्यान दिले होते. सुतावरून स्वर्ग गाठू नये असे आपण म्हणतो. आम्हालाही स्वर्ग गाठावयाचा नाही. एका सुतावरून माणूस कोठवर जाऊन पोहोचला, एवढेच आज पाहावयाचे आहे.

प्रथम खेळ म्हणजे काय ते सांगू. सुमारे दोन मीटर लांबीचा, फार जाड नाही व फार निसरडा नाही असा दोरा घ्यावा आणि त्याची दोन टोके गाठून एक कडे करावे. साहित्य संपले. हे कडे दोन्ही हातांच्या बोटांवर घ्यावयाचे, आणि एका बोटाने उचलून, दुसऱ्याने सोडून, तिसऱ्याने खालून ओढून त्यातून आकृती निर्माण करावयाची. दोरा कापावयाचा नाही, नवी गाठ मारावयाची नाही. ज्यांनी घरून दोरा आणला असेल त्यांनी आमच्याबरोबर करून पाहावे.

कडे दोन्ही पंजांभोवती, अंगठे बाहेर ठेवून, अडकवा. प्रत्येक पंजाभोवती दोऱ्याचा आणखी एकेक वेढा द्या. आता दोन्ही तळव्यांवरून एकेक दोरा आडवा गेलेला दिसेल. उजव्या हाताच्या मधल्या बोटाने डाव्या तळव्यावरचा दोरा खालून उचला आणि हात दूर करा. मग डाव्या हाताच्या मधल्या बोटाने, उजव्या मधल्या बोटावर आलेल्या दोऱ्यांच्या मधून शिरून, उजव्या तळव्यावरचा दोरा तसाच उचला. हात ताणले की दोन बाजूंना दोन फुल्या आणि दोन सरळ दोरे दिसतात. ही पहिली आकृती. इंग्रज मुले हिला पाळणा म्हणतात. आता समोरच्याने दोन फुल्या दोन चिमटींत धरावयाच्या, बाहेर ओढावयाच्या, बाजूच्या सरळ दोऱ्यांच्या बाहेरून खाली न्यावयाच्या आणि मधून वर काढावयाच्या. पहिल्याने अलगद हात काढून घेतले की खेळ दुसऱ्याच्या हातावर गेला, आणि आकृती बदलली. तिसऱ्या आकृतीसाठी पुन्हा पहिल्याने पुढे यावयाचे.

या खेळात कोणी जिंकत नाही व कोणी हरत नाही. समोरच्याने दोरा नीट घेतला तरच आपला खेळ चालतो. तो चुकला तर गुंता होतो, आणि तो दोघांनी मिळून सोडवावा लागतो. विटीदांडूत, आट्यापाट्यांत, सागरगोट्यांतसुद्धा एकाची सरशी ती दुसऱ्याची हार. येथे दोघांचे यश एकच असते. ही गोष्ट आपण मनाशी ठेवावी, कारण पुढे तिच्याकडे परत यावयाचे आहे.

आता आपण जरा लांबच्या प्रवासाला जाऊ. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा निसर्गशास्त्रज्ञ १८५५ च्या सुमारास बोर्निओच्या अरण्यात प्राणी व कीटक गोळा करीत हिंडत होता. नैसर्गिक निवडीचे तत्त्व डार्विनच्या बरोबरीने मांडणारा तोच हा वॉलेस. एका पावसाळी दिवशी तो दायाक लोकांच्या घरात अडकून पडला. भोवती मुले व तरुण जमले होते. त्यांना काही नवे दाखवावे म्हणून त्याने दोऱ्याचे कडे बोटांवर घेऊन आपल्या देशातला पाळणा करून दाखविला. मुलांना नवल वाटेल अशी त्याची अपेक्षा होती. नवल वाटले ते त्यालाच. मुलांना तो खेळ पुरता ठाऊक होता. त्याच्या आकृत्या संपल्यावर त्यातल्या एकाने पुढे होऊन अशा आकृत्या काढल्या की वॉलेसला त्या उमगेनात. हा प्रसंग त्याने आपल्या १८६९ च्या प्रवासग्रंथात मोकळेपणाने नमूद केला आहे. ज्यांना अडाणी समजून शिकवावयास जावे त्यांच्याकडूनच शिकून यावे, असा हा प्रसंग आहे.

बोर्निओतच नव्हे, तर आर्क्टिकच्या बर्फात, पॅसिफिकच्या बेटांवर, ऑस्ट्रेलियात, आफ्रिकेत, दोन्ही अमेरिकांत, चीन, जपान व कोरियात हा खेळ आढळतो. जपानात त्याला आयातोरी म्हणतात, आणि अठराव्या शतकातील जपानी चित्रांत दोरा घेऊन बसलेल्या मुली दिसतात. सगळीकडे खेळाची रीत मात्र एक नाही. आशिया व युरोप येथे साधारणतः दोघे मिळून, हातावरून हातावर घेत, हा खेळ खेळतात. पॅसिफिकच्या बेटांवर व एस्किमो लोकांत एकटा मनुष्य कधी दातांचा, कधी पायाच्या अंगठ्याचा उपयोग करून फार गुंतागुंतीच्या आकृत्या काढतो. हा खेळ एके ठिकाणी जन्मून जगभर गेला, की जागोजागी माणसाच्या बोटांनी तो स्वतंत्रपणे शोधला, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. अमेरिकेतील ओसेज लोकांची चार शंकरपाळ्यांची आकृती हवाई बेटांतही सापडते. अशी उदाहरणे दोन्ही पक्षांना उपयोगी पडतात.

आकृती एकच असली तरी नाव मात्र ज्याच्या त्याच्या जगण्यातून येते. स्ट्यूअर्ट क्यूलिन या अमेरिकन अभ्यासकाने १८९५ साली कोरियातील खेळांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात कोरियन नावे दिली आहेत. इंग्रज मुले ज्या आकृतीला मेणबत्त्या म्हणतात, तीच कोरियातील मुलांना जेवणाच्या काड्या वाटते. आणि आपण आताच केलेली पहिली आकृती, जिला इंग्लंडात पाळणा म्हणतात, ती कोरियात प्रेतयानावरचे आच्छादन ठरते! तेच दोरे, त्याच फुल्या. एकाला त्यात जन्माची वस्तू दिसली, दुसऱ्याला मरणाची. म्हणून आकृती टिपताना तिचे नाव टिपले नाही तर निम्मा खेळ हातचा जातो, असे आम्हाला वाटते.

हा केवळ मुलांचा खेळ आहे, असेही सगळीकडे मानीत नाहीत. आर्क्टिकमधील काही एस्किमो लोक शरदऋतूत, सूर्य खाली खाली जाऊ लागला म्हणजे, त्याला दोऱ्याच्या जाळीत अडकवून ठेवावे या भावनेने हा खेळ खेळत. मुलग्यांना मात्र तेथे काही ठिकाणी मनाई असे. लहानपणी दोऱ्यात बोटे गुंतविली तर मोठेपणी शिकारीच्या भाल्याच्या दोरीत ती गुंततील, अशी समजूत होती. अमेरिकेतील नावाहो लोक हा खेळ फक्त हिवाळ्यात, कोळी झोपी गेलेले असताना खेळतात. कारण ही विद्या त्यांना कोळ्याकडून मिळाली, अशी त्यांची श्रद्धा आहे. जाळे विणणाऱ्या जीवाला गुरू मानणे यात काव्य आहे, तसे निरीक्षणही आहे.

या खेळाकडे शास्त्राची दृष्टी वळली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १८८८ साली फ्रांझ बोआस याने एस्किमोंच्या काही आकृत्या, त्या कशा करावयाच्या त्यासह, प्रसिद्ध केल्या. त्याच वर्षी ए. सी. हॅडन हा प्राणिशास्त्रज्ञ ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील टॉरेस सामुद्रधुनीत समुद्रजीवांच्या अभ्यासासाठी गेला, आणि तेथील माणसांतच रमला. १८९८ मध्ये तो पुन्हा तेथे गेला, तो डॉक्टर रिव्हर्स प्रभृती सहकाऱ्यांना बरोबर घेऊन. दोऱ्याच्या आकृत्या पाहून दोघेही थक्क झाले. पण त्या लिहावयाच्या कशा? पुरी झालेली आकृती कागदावर काढता येते. मात्र ती पाहून कोणते बोट प्रथम हलले व कोणते मागून, हे सांगता येत नाही. तेव्हा या दोघांनी १९०२ साली एक लेखनपद्धती सिद्ध केली. दोरा बोटाच्या अंगठ्याकडील बाजूस की करंगळीकडील, तळव्यावरून की हाताच्या पाठीवरून, बोटाच्या मुळाशी की शेंड्याशी, याला शरीरशास्त्रातील ठराविक शब्द लावून दिले. मग कोणत्याही आकृतीची वाट पायरीपायरीने लिहिता येऊ लागली.

आपल्याकडे याला जवळचे उदाहरण पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे आहे. १८६० साली मुंबईत वाळकेश्वरास जन्मलेल्या या वकिलाने देशभर हिंडून घराण्याघराण्यांतून चिजा मिळविल्या आणि त्या स्वरलिपीत उतरविल्या. स्वरलिपीने गुरूची गरज संपली काय? तसे नाही. तथापि गुरूबरोबर चीजही जावी, हा धोका कमी झाला. हॅडन व रिव्हर्स यांनी दोऱ्यासाठी जे केले ते याच जातीचे आहे.

या पद्धतीचा पुरेपूर उपयोग कॅरोलाइन फर्नेस जेन या अमेरिकन बाईंनी केला. १९०४ साली सेंट लुइस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात देशोदेशीचे लोक आले होते. त्यांच्याकडून त्यांनी आकृत्या शिकून घेतल्या, इतरांचे संग्रह मिळविले आणि १९०६ साली शेकडो चित्रांसह एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९०९ साली ऐन तारुण्यात त्या वारल्या. पण १९६२ मध्ये पुनर्मुद्रित झालेला तो ग्रंथ आजही शिकणाऱ्याच्या हाती प्रथम दिला जातो. हॅडन यांच्या कन्या कॅथलीन यांनी १९११ साली असेच एक पुस्तक लिहिले. पुढे १९७८ मध्ये हिरोशी नोगुची हे गणितज्ञ आणि फिलिप नोबल हे धर्मोपदेशक यांनी जपानात या विद्येचे एक मंडळ स्थापन केले. पुढे त्याला आंतरराष्ट्रीय स्वरूप आले.

हे सर्व दूरदेशीचे झाले. आपल्या अंगणाचे काय, असे कोणी विचारील. अंगणाच्या कुंपणापर्यंत तरी हा अभ्यास येऊन पोहोचला आहे. जेम्स हॉर्नेल नावाचे गृहस्थ मद्रास इलाख्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक होते. बडोदे संस्थानासाठी त्यांनी ओखामंडळच्या किनाऱ्यावरील समुद्रजीवांची पाहणी केली होती. जाळी व होड्या यांचा अभ्यास करता करता ते दोऱ्याच्या खेळाकडे वळले. फिजी व पश्चिम पॉलिनेशिया येथील आकृत्यांवर त्यांनी १९२७ साली लिहिले, आणि १९३२ साली गुजरात व काठेवाड येथील आकृत्यांचा संग्रह बंगालच्या एशियाटिक सोसायटीतर्फे प्रसिद्ध केला. गुजरात-काठेवाडातून आलेली कुटुंबे आपल्या गोरेगावात, आपल्याच जिन्यावर राहतात. हॉर्नेलसाहेबांनी जे काठेवाडात शोधले, ते शेजारच्या दारावर टकटक करून आपल्याला विचारता येण्यासारखे आहे.

आणि मराठी मुलखात दोऱ्याचा एक खेळ असा आहे की तो बोटांवर मावत नाही. त्याला सबंध माणसेच बोटांसारखी वापरावी लागतात. तो म्हणजे गोफ. उंचावर मध्यभागी रंगीत दोऱ्या किंवा कापडी पट्टे बांधलेले असतात. प्रत्येकाच्या हाती एकेकाचे टोक. गाण्याच्या ठेक्यावर अर्धे एका दिशेने, अर्धे दुसऱ्या दिशेने, एकदा समोरच्याच्या आतून व एकदा बाहेरून असे जाऊ लागले, म्हणजे वरपासून खाली वेणी उतरू लागते. ती पुरी झाली की खरी परीक्षा सुरू होते. त्याच पावलांनी, उलट क्रमाने, सर्वांनी परत फिरावयाचे, आणि वेणी उलगडून सगळ्या दोऱ्या मोकळ्या करावयाच्या. गोव्यात, विशेषतः काणकोण भागात, शिगम्याच्या मांडावर गोफ होतो. आणि आपल्याकडे शाळांच्या स्नेहसंमेलनांत टिपरी-गोफ कोणी पाहिला नाही? गळ्यातल्या सोन्याच्या विणीच्या साखळीलाही आपण गोफच म्हणतो. जाताना एक जण जरी आतून जावयाचा तो बाहेरून गेला, तरी परतताना दोरी अडते, आणि चूक कोणाची हे न विचारता सर्वांना थांबावे लागते. दोघांच्या पाळण्यात जो धर्म आहे तोच येथे गावाचा धर्म होतो.

गोफ उलगडतो, तशी बोटांवरची आकृतीही उलगडते. किंबहुना ती उलगडलीच पाहिजे. गणितात गाठींचा अभ्यास करणारी एक शाखा आहे. तिच्या दृष्टीने पाहिले तर दोऱ्याची आकृती कितीही किचकट दिसो, तिच्यात खरी गाठ नसतेच. आरंभी जे साधे कडे घेतले तेच शेवटपर्यंत साधे कडे राहते. बोटे काढली की ते पुन्हा हाती येते. या गुणाचा व्यवहारातही उपयोग झाला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात हेराक्लस नावाच्या ग्रीक वैद्याने शस्त्रक्रियेत व हाडे बसविताना लागणाऱ्या अठरा फासांचे व गाठींचे वर्णन केले. चौथ्या शतकातील ओरिबेसियस या राजवैद्याच्या संग्रहात ते वाचले म्हणून आपल्यापर्यंत आले. त्यातला एक फास हा चक्क दोऱ्याची आकृती आहे, असे विसाव्या शतकातील अभ्यासकांनी दाखवून दिले. मोडलेल्या हनुवटीला आधार देण्यासाठी तो वापरीत. रोग्याला आधार देणारा आणि नको तेव्हा सहज सुटणारा फास वैद्याला हवाच होता.

श्रोतेहो, येथवर आपण खेळाचे कौतुक केले. आता आमचे मुख्य म्हणणे मांडतो.

१९४८ साली ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस यिरकाला येथे फ्रेडरिक मॅकार्थी या अभ्यासकाने दोऱ्याच्या १९३ आकृत्या गोळा केल्या व पुठ्ठ्यांवर जशाच्या तशा बसविल्या. त्या सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियममध्ये आहेत. त्यांतील बहुतेक आकृत्या नारावू मुनुंगुर या एकाच बाईच्या हातून उतरल्या. एका बाईच्या दोन हातांत एवढे भांडार होते! मॅकार्थी तेथे गेले नसते आणि तिच्या घरातले कोणी तिच्यासमोर बसले नसते, तर ते तिच्याबरोबर गेले असते. भांडे जमिनीखाली सापडते, नाणे सापडते, ताम्रपट सापडतो. पण बोटांतून उतरलेली आकृती मागे काही ठेवीत नाही. एका पिढीने दुसरीसमोर बसावयाचे सोडले की ती विद्या संपली, आणि ती होती याचा पुरावाही संपला.

आमच्या या शहराचे वैभव सुतावर उभे राहिले. पहिल्या कापडगिरणीची स्थापना १८५४ सालची. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि गिरणगावातली कित्येक घरे उपनगरांत पांगली. गोरेगावातही अशी घरे आहेत. येथे कोकणातली आजी आहे, देशावरची आहे, गोव्याची आहे. पश्चिमेस मढ-वर्सोव्याच्या कोळीवाड्यांत जाळे विणणारे हात आहेत, पूर्वेस आरेच्या पाड्यांत वारली कुटुंबे आहेत. आणि या सर्वांची नातवंडे संध्याकाळी काचेच्या पडद्यावर बोट फिरवीत बसलेली असतात. आम्ही त्या पडद्याला नावे ठेवणार नाही. आम्हीही तो वापरतो. पण एक फरक ध्यानात घ्यावा. पडद्यावरच्या खेळामागे दुकान आहे, जाहिरात आहे, ते मुलापर्यंत आपोआप पोहोचते. वावभर दोऱ्यामागे कोणाचेही दुकान नाही. ज्याला बाजार नाही त्याचे जतन बाजार करीत नसतो. ते घरालाच करावे लागते.

कोणी म्हणेल, एवढे कशाला जतन करावयाचे? आट्यापाट्या गेल्या, हाही जाईल. याला आमचे उत्तर असे. ज्या घरात आजी मराठीत विचारते व नातू इंग्रजीत उत्तर देतो, त्या घरात दोघांना अर्धा तास समोरासमोर बसविणाऱ्या गोष्टी किती उरल्या आहेत? वॉलेसला दायाक मुलांशी पुरते बोलता येत नव्हते, तरी दोऱ्याने त्यांची गाठ घालून दिली. या खेळात बोलावे लागत नाही, पळावे लागत नाही, पैसा लागत नाही, आणि म्हातारपणाची अडचण होत नाही. लागतो तो फक्त समोर दुसरा मनुष्य.

म्हणून जाता जाता एक काम आपल्यावर सोपवितो. मे महिन्याची सुटी तोंडावर आहे. घरातल्या, चाळीतल्या, सोसायटीतल्या वडीलधाऱ्या माणसाला दोरा देऊन विचारावे, ‘लहानपणी याचे काय करीत होता?’ जे येईल ते शिकून घ्यावे. मग एका वहीत चार गोष्टी लिहाव्यात : आकृतीला घरात काय म्हणत, ती कोणत्या गावची, कोणाकडून शिकली, आणि कोणते बोट कोणत्या क्रमाने हलले. क्रम लिहावयास विसरू नये. छायाचित्र काढल्यास पुऱ्या आकृतीचे न काढता हातांच्या हालचालींचे चलच्चित्रच घ्यावे; पडद्याचा तेवढा उपयोग करून घेण्यास हरकत नाही. प्रत्येक घरातून एक आकृती आली तरी या सभागृहातील श्रोत्यांची वही हॉर्नेलसाहेबांच्या संग्रहाशेजारी ठेवण्याजोगी होईल.

ज्यांच्या हातावर अजून दोरा असेल त्यांनी तो खिशात न ठेवता शेजारच्याकडे द्यावा, आणि दोन फुल्या कोठे धरावयाच्या ते त्यांना दाखवावे.